महागाईचे मूळ कांदाचाळीत

ऑक्टोबर २०२४ मध्ये किरकोळ महागाईचा दर ६.२१ टक्के होता आणि भाज्या वर्षभरात ४२ टक्क्यांनी कडाडल्या होत्या. पुढच्याच ऑक्टोबरात हा दर ०.२५ टक्क्यावर आला. भाज्या २७ टक्क्यांनी उतरल्या होत्या. या उताराचे श्रेय पतधोरणाला देण्याची घाई नको. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. त्यानंतरच्या जुलैत टोमॅटोने मुंबईच्या उपनगरांतल्या मंडयांत किलोला शंभरी ओलांडली आणि महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. बोरिवलीत कर्ज काढून घर घेणाऱ्याचा हप्ता तोवर वाढला होता. टोमॅटो उतरला तो मात्र नवा माल बाजारात आल्यावरच.

लॅटिन अमेरिकेतल्या संरचनावादी अर्थतज्ज्ञांनी हे दुखणे १९५० च्या दशकातच ओळखले होते. मेक्सिकोचे हुआन नोयोला आणि चिलीचे ओस्वाल्दो सुंकेल यांचे म्हणणे असे की, विकसनशील देशात शहरे फुगतात, हाती पैसा येतो, अन्नाची मागणी वाढते. पण शेती, साठवण आणि वाहतूक मागेच राहतात. भाव पेटतात ते या कोंडीत. मुंबईने हा अनुभव १९७२ च्या दुष्काळात घेतला. गोरेगावच्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. रेशनवर पुरेसे धान्य, तेल आणि रॉकेल द्या, ही त्यांची मागणी थेट पुरवठ्याला हात घालणारी होती. केंद्र सरकारने मात्र मागणी आवरण्यासाठी १९७४ मध्ये पगारदारांच्या वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा भाग सक्तीने ठेवीत टाकला. पुढे महागाईचा दर उतरला हे खरे. पण १९७५ च्या चांगल्या पावसाचा आणि पिकाचा त्यातला वाटा विसरून चालणार नाही.

ही कोंडी आजही कांद्यात दिसते. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि दिवाळीपर्यंत तोच पुरवावा लागतो. नाशिक जिल्ह्यातला शेतकरी तो फटींच्या भिंतींच्या, खालून वारा खेळणाऱ्या चाळीत ठेवतो. पावसाळी दमट हवेत काही सडतो, काही कोंब धरतो, उरलेल्याचेही वजन घटते. ज्याच्याकडे चाळ नाही, तो मिळेल त्या भावाने लासलगावला विकून मोकळा होतो. मग वाशीचा बाजार, तिथून मुलुंड-घाटकोपरचा टेम्पो, मंडईतला गाळा आणि हातगाडी. रिझर्व्ह बँकेनेच २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ग्राहकाने कांद्यासाठी मोजलेल्या रुपयातले ३६ पैसेच शेतकऱ्याला मिळतात. सरकारचा उपाय काय, तर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरात थेट निर्यातबंदी. शहराला काही महिन्यांचा दिलासा देण्यासाठी शेतकऱ्याचा भाव पाडायचा, हा अन्याय आहेच. शिवाय हात पोळलेला शेतकरी पुढच्या हंगामात लागवड कमी करतो आणि टंचाई नव्याने उभी राहते.

यावर पतधोरणवाद्यांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. पैशाचा पुरवठा मोकाट सुटला तर भाज्यांची महागाई भाड्यात, फीमध्ये, मजुरीत शिरते आणि मुरते. चिलीत १९७३ मध्ये महागाईने काही शे टक्क्यांची मजल मारली, त्यात सरकारी तूट भागवण्यासाठी छापलेल्या नोटांचा मोठा हात होता. म्हणून रिझर्व्ह बँकेने लगाम सोडावा, असे आम्ही म्हणत नाही. पण लगामाने फैलाव आवरतो, उगम बंद होत नाही. २०१२ च्या पायावरच्या ग्राहक निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेये यांचा भार जवळपास ४६ टक्के होता. एवढ्या मोठ्या हिश्शावर व्याजदराची मात्रा चालत नसेल, तर महागाई ४ टक्क्यांवर राखण्याचे उद्दिष्ट एकट्या रिझर्व्ह बँकेच्या गळ्यात बांधणे चुकीचे आहे. त्याची निम्मी जबाबदारी कृषी आणि पणन खात्यांची आहे. २०२५ च्या स्वस्ताईत अनेक कांदा उत्पादकांचा खर्चही निघाला नाही. चाळींचे अनुदान वाढवणे, गावपातळीवर साठवण उभारणे आणि शेतकरी कंपन्यांना उपनगरांतल्या पालिका मंडयांत गाळे देणे, ही कामे भाव पडलेले असतानाच हाती घ्यायला हवीत. भाव चढले की सरकारला निर्यातबंदीखेरीज काही सुचत नाही.