मातीखालचा निरोप्या

परवा एका मित्राने विचारलं, "काय रे, मातीतून वायरलेस चालतं का?" म्हटलं, चालतं की. फक्त ज्या दिवशी चालायला हवं, नेमकं त्या दिवशी चालत नाही.

अनुभवाचे बोल आहेत हे. मामाचं शेत परभणीकडे, भारी काळी जमीन. आम्ही भाच्यांनी वर्गणी काढून तिथे ओलावा मोजणारं यंत्र पुरलं. सगळं फूटभर खाली, वर काही नाही. ही मामाचीच अट, कारण आधीच्या यंत्राची वायर निम्मी वखराने नेली आणि निम्मी उंदरांनी. आकडा मातीतून बांधावरच्या डबीत आणि तिथून पुण्याला माझ्या फोनवर. भारी वाटायचं!

मग नोव्हेंबरात मामा लग्नाला गेला. जाताना म्हणाला, "हरभऱ्याकडं तू बघ." फोनवर आकडा कोरडाच दिसत होता. रात्रीची लाइट होती, मोबाइल स्टार्टरवरून मोटार चालू केली आणि रात्रभर तुषार फिरू दिले. सकाळी शेजारच्या बापूंचा फोन, "आरं, काल संध्याकाळी अवकाळी पडून गेला, तू आणि पाणी कशाला सोडलंस?" हरभऱ्याला जास्तीचं पाणी सोसत नाही. अर्धा एकर उभळून गेला.

कोरड्या मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३ ते ५ असतो, पाण्याचा साधारण ८०. अशी बरीच यंत्रं ओल मोजतात ती याच फरकावर. आणि माती भिजली की याच पाण्यामुळे रेडिओलहरी वाटेतच विरतात. चिकणमातीत जास्त, वाळूत कमी, २.४ गिगाहर्ट्झवर जास्त, ४३३ मेगाहर्ट्झवर कमी. म्हणजे ज्याची बातमी द्यायची तेच तोंड दाबतं! हे काही गुपित नाही. अकिल्डिझ आणि स्टंटेबेक यांनी २००६ मध्ये भूमिगत सेन्सरजाळ्यांच्या अडचणींवर निबंध लिहिला, त्यात ओल्या मातीचा हा त्रास मांडलेला आहे. रेडिओऐवजी तारेची वेटोळी पुरून चुंबकीय क्षेत्रातून निरोप धाडायचा, हाही मार्ग आहे. चुंबकीय क्षेत्राला पाण्याचं फारसं सोयरसुतक नसतं, पण ते दूरवर पोचत नाही.

माझी तक्रार मातीशी नाही. ती त्या ॲपशी आहे. निरोप येणं थांबलं तेव्हा त्याने आदल्या दिवशीचाच आकडा दाखवला, वेळेचा उल्लेख न करता. खरं तर अशा यंत्राचं गप्प होणं हीच बातमी असते. सिग्नल किती क्षीण झाला यावरून ओल ताडण्याचे प्रयोगही झालेत. "सकाळपासून काही ऐकू येत नाही, बहुधा पाऊस" एवढं एक वाक्य दाखवायला कितीसा खर्च येतो? विकणाऱ्याने एकदा काळ्या रानात पाणी तुंबवून तरी बघावं. (आणि मी बापूंना एक फोन करायला हवा होता, हे मामी अजूनही ऐकवते.)

असो. मामा एका शब्दानेही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं. यंत्र अजून पुरलेलंच आहे. आता रोज सकाळी तो मूठभर माती दाबून बघतो आणि फोनवर सांगतो, गोळा झाला की भुगा. मग विचारतो, "तुझं ते काय म्हणतंय?"