उद्या आठवण कर

परवा रात्री ओटा पुसत होते आणि कानात शॅरन व्हॅन एटन गात होती. भाचीने पाठवलेला अल्बम. सोबत एकच ओळ, "मावशी, तुझ्यासाठी आहे, बाळाच्या पसाऱ्यातला." मला रॉकमधलं फार कळत नाही. पण अल्बमचं नाव वाचून पोछा हातातच राहिला. 'रिमाइंड मी टुमॉरो'. म्हणजे 'उद्या आठवण कर'. कॉम्प्युटर अपडेट मागतो तेव्हा आपण ज्यावर टिचकी मारून मोकळे होतो, तेच बटण!

ही बाई तेव्हा न्यूयॉर्कला राहायची. आधीची तिची गाणी तुटलेल्या नात्यांची, दुखऱ्या प्रेमाची. हा अल्बम आला जानेवारी २०१९ मध्ये, आधीच्या अल्बमनंतर जवळपास पाच वर्षांनी. मधल्या काळात तिने अभिनय केला, मानसशास्त्र शिकायला घेतलं, आणि २०१७ साली तिला मुलगा झाला. गाणी ह्या सगळ्याच्या फटीफटीतून लिहिलेली. मुखपृष्ठावर तिचा चेहरा नाही, खोलीभर पसारा आणि त्यात दोन मुलं. ती मुलंही तिची नाहीत, एका दिग्दर्शिका मैत्रिणीची आहेत. पण पसारा आपल्या सगळ्यांचाच आहे :)

ऐकून झाल्यावर भाचीला फोन केला. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता. "आपल्याकडे का नाही गं असं कुणी करत? लग्न, मूल, ह्याच्यावर अख्खा अल्बम?"

मी पटकन म्हणून गेले, "आपल्याकडे तर तेवढंच केलंय बायकांनी."

म्हणून गेले खरी, पण नंतर दोन दिवस तेच डोक्यात घोळत राहिलं. म्हणून हे लिहायला बसले.

पहिलं नाव अर्थातच बहिणाबाई. आमच्या वऱ्हाडाला लागून असलेल्या खानदेशातल्या. १८८० साली असोद्याला जन्म, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेत, जातं, चूल, तीन मुलं आणि ऐन तिशीत आलेलं वैधव्य. गाणी ह्या सगळ्याच्या मधोमध झाली, ह्यातून सुटका झाल्यावर नाही. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी ह्यांनी त्यांतली काही उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे हरखून गेले, आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं. पुढे 'मानिनी' सिनेमात ही गाणी घराघरात पोचली. मग यशवंत देवांच्या चाली आणि उत्तरा केळकरांचा आवाज. आमच्या अकोल्याच्या घरी ती कॅसेट इतकी वाजली की एका बाजूची फीत पार ताणली होती आणि कपाशीचं गाणं रडल्यासारखं ऐकू यायचं. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठालाही त्यांचं नाव दिलं गेलं.

हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण ही गोष्ट आपण ज्या पद्धतीने सांगतो, तिथे माझी तक्रार आहे. आपण ती चमत्कार म्हणून सांगतो. "निरक्षर असूनही." "संसारात असूनही." जणू संसार ही गाण्याची अडचण होती आणि त्या कशाबशा ती ओलांडून गेल्या. मला वाटतं नेमकं उलट आहे. जात्याला लय असते. एक हात खुंट्याला, एक हात वैरणीला, आणि तोंड मोकळं. पहाटेच्या त्या तास-दीड तासात बाईला विचारणारं कुणी नसे. त्या वेळात ओवी झाली नसती तरच नवल. हेमा रायरकर आणि गी पॉइटेव्हाँ ह्यांनी महाराष्ट्रातल्या गावांमधून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, तर त्या एक लाखाच्या वर गेल्या. एक लाख! ह्याला चमत्कार म्हणत नाहीत, ही रीत होती. बहिणाबाई त्या रीतीतल्या सगळ्यात तेजस्वी. आणि त्यांच्या घरात लिहून घेणारं कुणीतरी होतं, हा तेवढाच मोठा भाग आहे.

दुसरी तक्रार लग्नांत होते. संसारावरचं त्यांचं ते प्रसिद्ध गाणं आपण लग्नात आशीर्वादासारखं वाजवतो. वरात, शालू, फेटे, आणि मागे ते गाणं. अहो, त्यात चटके आहेत! ते रचणारीचा संसार अर्ध्या वाटेवर एकटीवर पडला होता. गोड-गोड करून ऐकलं की त्यातली बाई दिसेनाशी होते, नुसती 'माय' उरते.

आता आमच्या वऱ्हाडाकडे येते. आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, म्हणजे शंकर-पार्वतीच. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर. रोज संध्याकाळी घरोघर गाणी आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा. अमरावतीत, अकोल्यात, खेड्यापाड्यांत ज्या बायका आज चाळिशीच्या पुढे आहेत त्यांना हे सांगायला नको. पण कधी नीट ऐकलं आहे का ही गाणी कशाबद्दल आहेत ते? सासर. माहेर. डोहाळे. बाळंतपण. पाळणा. आठ-दहा वर्षांच्या पोरी टाळ्या वाजवत जे म्हणतात, तो लग्न आणि आईपण ह्यांवरचा अख्खा अल्बम आहे. फक्त त्याच्यावर गायिकेचं नाव नाही.

एक गाणं सगळ्यांना ठाऊक असतं. सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू एकेक अट घालत जाते. वेल लाव, त्याला फूल येऊ दे, फळ येऊ दे, भाजी होऊ दे, मग जा. माझ्या आईने त्या गाण्याचं स्वतःचं गाणं केलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांत. वेल काढून तिने खऱ्या सबबी घातल्या. आधी पऱ्हाटीची वेचणी होऊ दे, मग तिखट कुटून होऊ दे, मग पापड, मग जावेचं बाळंतपण. प्रत्येक कडव्याला एक सबब, सगळ्या खऱ्या. आजी समोर बसून ऐकायची आणि हसायची म्हणे. भुलाबाईचं गाणं आहे ना, मग रागवायचं कसं? शेवटच्या कडव्यात सबब म्हणजे मी. बाळ लहान आहे, आता कसं जाशील.

आई गेली त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. ते गाणं मी लहानपणी कितीदा ऐकलं असेन. गेल्या वर्षी कोजागिरीला आठवायला बसले तर सबबी आठवल्या, चाल आठवली, पण शेवटचं कडवं निम्मंच आठवलं. सासू म्हणते बाळ लहान आहे. त्यावर सून काय म्हणते? ती जाते का? की राहते? काहीतरी उत्तर होतं, त्यावर बायका खो खो हसायच्या एवढं पक्कं आठवतं. उत्तर नाही आठवत.

मावशीला विचारलं. मावशी म्हणाली, "आता काय सांगू व माय, चाल हाये डोक्शात, बोल नाई ऱ्हायले. तुह्या मायले इचारलं काऊन नाई तवा?"

काऊन नाई! तेच तर. तेव्हा 'उद्या' होतं.

मीही कॉलेजात गाणी करायचे. दोन-तीन चाली तर अजून येतात. सुटलं कधी, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, "संसारात सुटलं." ऐकणाराही मान डोलावतो, दोघांची सोय होते. पण आईचं गाणं आठवताना लक्षात आलं की तिचं तर संसारात सुरू झालं होतं, माझ्याहून दहापट कामाच्या घरात. मग माझं का सुटलं? प्रामाणिकपणे सांगायचं तर मला वाटायचं की पऱ्हाटी, पापड, बाळाची दुपटी हे काही गाण्याचे विषय नाहीत. विरह हवा, पाऊस हवा, चंद्र हवा. प्रेमाचं गाणं सगळ्यांचं आणि दुपट्यांचं गाणं 'घरगुती', हे मी कुठून शिकले देव जाणे. पुस्तकांतून, बहुतेक. चकल्या घरगुती असल्या की भाव जास्त आणि कविता घरगुती म्हटली की भाव कमी, हा हिशेब मला आता कळेनासा झाला आहे.

दुसरी बाजूही मांडते, नाहीतर भाची भांडेल. जात्याला लय होती, मिक्सरला नाही. गिरणी आली, पहाटेचे कष्ट वाचले, बरंच झालं. जातं परत आणा असं म्हणणाऱ्याला मी आधी पायलीभर ज्वारी देईन :) पण कष्टाबरोबर ती मोकळ्या तोंडाची वेळही गेली आणि तिच्या जागी आपण काही ठेवलं नाही. आजच्या आईचे हात तेवढेच अडकलेले असतात, वर तोंडही अडकलेलं असतं, फोनवर. शॅरनबाईंना स्टुडिओ होता, निर्माता होता, पैसे होते. तरी तिला बटण तेच दाबावं लागलं. मग आपण दाबतो ह्यात लाज नाही. पण रोजच दाबलं तर उद्या आठवण करून देणारं माणूसच उरत नाही, हे मी शिकले ते असं.

म्हणून माझं मत एवढंच. मूल झालं म्हणून गाणं मरत नाही. ते मरतं कुणी लिहून न घेतल्यामुळे, आणि त्याआधी, ते लिहून घेण्यासारखं आहे असं कुणाला न वाटल्यामुळे. बहिणाबाईंना सोपानदेव होते. माझ्या आईला मी होते, आणि मी चंद्र शोधत बसले होते.

असो. अकोल्याची मंडळी हे वाचतातच, त्यांना विनंती. डाबकी रोडच्या जुन्या घरी भुलाबाईला ज्या ज्या येत असत, काकू, मामी, सगळ्या, त्यांनी जरा डोक्याला ताण द्या. सासू म्हणते बाळ लहान आहे. त्यावर सून काय म्हणते? अर्धी ओळ आठवली तरी फोन करा. रात्री कितीही वाजता करा.

आणि कुणालाच नाही आठवलं, तर ह्या कोजागिरीला ते कडवं मी पुरं करणार आहे. भाची म्हणते ती गिटार घेऊन येईल. येऊ दे.