खासदारांचं घर आणि आमचं गाव

मुकुटबनचा जिल्हा यवतमाळ, तालुका झरी जामणी, विधानसभा वणी, पण लोकसभा चंद्रपूरची. त्यामुळे बाळू धानोरकरांच्या घरची दुःखं आमच्याकडे परक्याची म्हणून कुणी वाचली नाहीत. मे २०२३ मध्ये आधी त्यांचे वडील गेले आणि दोन-तीन दिवसांतच, ३० मे रोजी, खुद्द बाळूभाऊ. पन्नाशीही गाठली नव्हती. २०१९ साली राज्यातून काँग्रेसचे तेवढे एकच खासदार निवडून आले होते. ती बातमी मोठी छापली गेली, आणि छापायलाच हवी होती.

माझी तक्रार पुढच्या वर्षाबद्दल आहे. बाळूभाऊंच्या पत्नी प्रतिभाताई लोकसभेला उभ्या राहिल्या आणि प्रचाराच्या बातम्यांत पतीच्या आठवणी, डोळ्यांतलं पाणी हेच पुन्हा पुन्हा येत राहिलं. त्या २०१९ पासून वरोऱ्याच्या आमदार होत्या. सभागृहात त्यांनी काय मांडलं, निधी कुठे गेला, हे क्वचितच वाचायला मिळालं. कर्तबगार बाईची ओळख तिच्या वैधव्याशी आणून थांबवणं हा तिच्यावरही अन्याय आहे. मुनगंटीवारांसारख्या तेव्हाच्या मंत्र्याला त्यांनी २,६०,४०६ मतांनी हरवलं. एवढा फरक एकट्या सहानुभूतीने पडत नाही. कापूस-सोयाबीनचे पडलेले भाव आणि संविधानाची काळजीही त्या मतांत होती.

त्याच निवडणुकीत बारामतीची लढत सगळीकडे नणंद-भावजयीची म्हणूनच गाजली. त्याच मतदारसंघातल्या, दुष्काळाने होरपळलेल्या पुरंदरच्या माणसाला मात्र टँकर कधी येणार हे हवं होतं.

हे असं का होतं, त्याचं उत्तर तालुक्यातच सापडतं. गावोगावच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजं. घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. जाहिरात कुणाची? नेत्याच्या वाढदिवसाची, नाहीतर त्याच्या चिरंजीवांना शुभेच्छांची. ज्या घरातून अशा शुभेच्छा-पुरवणीचे पैसे येतात त्या घराला अवघड प्रश्न विचारायचे कसे? म्हणून लेकीचं लग्न, नातवाचं बारसं, भावांमधला दुरावा यांच्या बातम्या होतात. त्या लिहायला कागदपत्रं लागत नाहीत आणि कुणी रागावतही नाही. मी त्या वार्ताहराला दोष देत नाही. त्याला पोटापुरतं न देणाऱ्या मालकांना देतो.

वैधव्य काही खासदारांच्या एकाच घरात नाही, ते आमच्या जिल्ह्यातही आहे. जळक्याच्या कलावती बांदुरकर २००८ मध्ये राहुल गांधींच्या लोकसभेतल्या भाषणामुळे देशाला कळल्या. पुढे २०२३ मध्ये अमित शहांनीही त्यांचं नाव घेतलं, तेव्हा कॅमेरे पुन्हा जळक्याला धावले. वैशाली येडे यांनी जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं आणि त्याच वर्षी यवतमाळ-वाशिममधून लोकसभा लढवली. त्या हरल्या. शेतकऱ्याच्या विधवेमागे ना पक्षाचं घराणं होतं, ना पुरवण्या.

प्रतिभाताईंना वार्ताहरांनी मुकुटबनला एकदा निवांत बसवून घरचं सोडून बाकीचं विचारावं. गावच्या सिमेंट कारखान्यात इथली किती पोरं कायम नोकरीत आहेत? जड वाहनांनी फुटणाऱ्या रस्त्यांचा खर्च कोण उचलणार? सीसीआयचं कापूस खरेदी केंद्र वेळेवर सुरू व्हावं म्हणून दिल्लीत कोणतं पत्र गेलं? कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, डॉक्टर कधी पोचणार? वणीचे आमदार संजय देरकरांनाही हेच विचारावं, आणि दोघांची उत्तरं तारखेसकट छापावीत.