कार्ड घासले म्हणजे पैसे हाती आले का?

कापडाच्या पेढीपासून चपलांच्या कारागिरापर्यंत आता सर्वत्र कार्डाचे मशीन दिसते. ते बसविताना पुढे केलेल्या करारनाम्यावर आपले बहुतेक व्यापारी बांधव न वाचताच सही करतात. ही सवय मोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चेक वटला नाही तर मूळ येणे कायम राहते. गिऱ्हाइकाकडे पुन्हा मागता येते. कार्डाचे तसे नाही. इंग्लंडमध्ये चार्ज कार्ड सर्व्हिसेस नावाची कंपनी पेट्रोलसाठी कार्डे देत असे. ती बुडाली आणि पंपवाल्यांचे पैसे अडकले. पेट्रोल गिऱ्हाइकांनी नेले, तेव्हा त्यांच्याकडील रक्कम थेट आम्हास मिळावी, असे पंपवाल्यांचे म्हणणे होते. १९८८ साली तेथील अपील न्यायालयाने ते फेटाळले. न्यायालयाच्या मते येथे करार तीन आहेत: गिऱ्हाईक व दुकानदार, दुकानदार व कार्ड कंपनी, कार्ड कंपनी व गिऱ्हाईक. कार्ड स्वीकारताच गिऱ्हाइकाची दुकानदाराबाबतची जबाबदारी संपली. पुढे मागायचे ते कंपनीकडे, आणि कंपनी तर बुडालेली!

हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. परंतु आपला १८७२ चा करार कायदा इंग्रजी कायद्याच्या मुशीतूनच आलेला असल्याने अशा निकालांचा आधार येथेही घेतला जातो. मधल्या कंपन्यांनी व्यापाऱ्यांचे पैसे बँकेतील स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवावेत, असा नियम रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये केला, ही चांगली गोष्ट झाली. तरीही करारातील कलमे आपल्यालाच पाहावी लागतात.

म्हणून सहीपूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. पैसे किती दिवसांत खात्यात येणार? कपात किती? गिऱ्हाइकाने बँकेकडे तक्रार केली तर रक्कम आपल्या खात्यातून परत जाणार का, आणि त्यापूर्वी आपली बाजू ऐकली जाणार का? तंटा झाल्यास दाद कोणत्या शहरात मागायची? मालेगावच्या किंवा भिवंडीच्या छोट्या धंदेवाल्याला दूरच्या शहरात खटला चालविणे कसे परवडणार?

हे काम एकट्यादुकट्याचे नाही. बाजारातील संघटनेने एकदा वकिलाकडून असा करारनामा वाचून घ्यावा आणि त्याचा मराठी गोषवारा सभासदांना द्यावा. बिलाची प्रत व माल पोचल्याची सही मात्र प्रत्येकाने जपावी. उधारीची वही आपण जितक्या काळजीने सांभाळतो, तितक्याच काळजीने हा कागदही सांभाळला पाहिजे.