कॅथी डेनिस यांची दुसरी कारकीर्द



कॅथी डेनिस यांची कारकीर्द १९९० च्या दशकाबरोबर संपली, हे मागील पत्रातील विधान फार तर गायिकेपुरतेच खरे आहे. ‘टच मी (ऑल नाइट लाँग)’ हे गाणे १९९१ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या स्थानी नेणाऱ्या या ब्रिटिश गायिकेने पुढे गीतलेखन हेच मुख्य काम मानले आणि रॉब डेव्हिस यांच्यासह कायली मिनोग यांचे ‘कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड’ (२००१) लिहिले. त्याची निर्मितीही, म्हणजे वाद्ययोजनेपासून अंतिम ध्वनिस्वरूपापर्यंतचे निर्णयही, या दोघांचेच होते. ब्रिटनी स्पिअर्स यांच्या ‘टॉक्सिक’च्या सहलेखिकाही त्याच. त्यातील तंतुवाद्यांचे गाजलेले तुकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ‘एक दूजे के लिए’मधील (१९८१) ‘तेरे मेरे बीच में’ या गीतातून सॅम्पलिंगने, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाचा अंश नव्यात बसवण्याच्या तंत्राने, घेतलेले आहेत. अर्थात, निर्मिती ‘ब्लडशाय अँड अव्हंट’ या स्वीडिश जोडीची असल्याने ते श्रेय मात्र डेनिस यांना देऊ नये. केवळ ध्वनिफितीच्या मुखपृष्ठावरील नाव पाहून कारकीर्द मोजणारा निष्कर्ष अपुराच ठरतो. पत्रलेखकांनी या गाण्यांची श्रेयनामावली अवश्य पाहावी.