आकडा कोटींचा, जबाबदारी कोणाची?

५ ऑक्टोबर २०२४ रोजी गुजरातचे दहशतवादविरोधी पथक (एटीएस) आणि केंद्राचे नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो (एनसीबी) यांनी बगरोदा औद्योगिक क्षेत्रातल्या एका शेडवर छापा घातला आणि घन व द्रव मिळून ९०७ किलो मेफेड्रोन, म्हणजे एमडी, जप्त केले. किंमत सांगण्यात आली १८१४ कोटी रुपये. शेड सहा-सात महिन्यांपूर्वी भाड्याने घेतलेली होती, रोज २५ किलो माल काढण्याची तेथे सोय होती, आणि सुमारे पाच हजार किलो कच्चा माल पडलेला होता, असेही सांगितले गेले. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले, नेत्यांनी एकमेकांचे अभिनंदन केले. आठ दिवसांनी दसरा आला आणि सगळे विसरले.

आम्ही विसरायला तयार नाही. बाग सेवनियाहून बगरोदा काही दूरदेशी नाही. कटारा हिल्सच्या पुढे गेले की आलेच. आपली मुले ज्या नर्मदापुरम रोडवरून कॉलेजला आणि क्लासला जातात, त्याच भागातली ही गोष्ट. म्हणून सरळ प्रश्न विचारतो. एवढा कारखाना उभा राहिला, त्याला वीज लागली, पाणी लागले, टेम्पोने पिंपे आली, चौकीदार ठेवला गेला. हे सगळे होत असताना भोपाळच्या यंत्रणेला पत्ता नाही आणि तिकडे अहमदाबादला मात्र लागतो, हे कसे? गुजरातच्या पथकाचे कौतुक जरूर करावे. पण शेजाऱ्याने येऊन आपल्या घरातला साप मारला, तर त्याचे आभार मानून झाल्यावर आपल्या राखणदाराला दोन शब्द विचारायचे की नाही?

कोकेनचे आम्हाला काय?

आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, कोकेन वगैरे श्रीमंतांचे चोचले. दिल्ली-मुंबईच्या पार्ट्यांत चालते, आपल्याला काय त्याचे? त्याच ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी महिपालपूरला ५६२ किलो कोकेन पकडले, मग रमेशनगरला २०८ किलो, आणि शेवटी गुजरातमधल्या अंकलेश्वरला एका औषध कंपनीत ५१८ किलो. बारा-तेरा दिवसांत जवळपास १३०० किलो! त्याआधी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या न्हावा-शेवा बंदरात दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या सफरचंद-नासपतीच्या कंटेनरमध्ये ५० किलोच्या वर कोकेन सापडले होते. कोकाचे झुडूप कोलंबिया, पेरू, बोलिव्हियात वाढते. ते कुठले आणि अंकलेश्वर कुठले! तरी माल येतो.

येतो, आणि येताना बाजार घडवतो. कोकेन परवडत नाही त्याच्यासाठी स्वस्तातला पर्याय म्हणून एमडी आले. मुंबईत पोरे त्याला म्याऊ-म्याऊ म्हणत. फेब्रुवारी २०१५ पर्यंत तर ते एनडीपीएस कायद्याच्या यादीतसुद्धा नव्हते. म्हणजे पकडणाऱ्याच्या हातात कायदा नव्हता आणि विकणाऱ्याच्या हातात मात्र गिऱ्हाईक होते. कोकेन समुद्रापलीकडून आणावे लागते, पण एमडी शेडमध्ये तयार होते. २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याजवळ कुरकुंभला, मग बगरोद्याला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच हुजूर तहसिलीत जगदीशपुराला. या शेवटच्या ठिकाणी महसूल गुप्तचर संचालनालयाने (डीआरआय) ६१.२० किलो द्रव एमडी पकडले. कच्चा माल भिवंडी-मुंबईकडून येत होता आणि सूत्रे परदेशात बसलेल्या माणसाच्या हातात होती, असे त्याच खात्याने सांगितले. तेव्हा हा विषय आंतरराष्ट्रीयही आहे आणि आपल्या गल्लीतलाही आहे. सरकारचे धोरण मात्र अजून बंदरावर दुर्बीण लावून उभे आहे.

भाव कोणी ठरवला?

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की शिल्लक मालाची किंमत खरेदीभाव किंवा बाजारभाव यांतला जो कमी असेल तो धरून लावायची. जप्तीच्या बातमीत नेमके उलटे चालते. बगरोद्याचे ९०७ किलो म्हणजे १८१४ कोटी, किलोला दोन कोटी. जगदीशपुऱ्याचे ६१.२० किलो म्हणजे ९२ कोटी, किलोला दीड कोटी. शहर तेच, माल तोच, मध्ये वर्षही पुरते गेलेले नाही, आणि भावात किलोमागे पन्नास लाखांचा फरक! उलट कोकेन २०२२ मध्ये न्हावा-शेव्याला किलोला दहा कोटी होते, ते २०२४ मध्ये दिल्लीलाही दहाच कोटी. हा भाव कोणत्या खात्याने, कोणत्या पद्धतीने काढला?

हा कारकुनी किस नाही. ज्या मोजमापाने यश ठरते त्याच मोजमापाने काम होते. पकडलेल्या मालाचे कोटी मोजायचे ठरले, तर माल पकडला की काम संपले. पुढे खटला उभा राहिला का, पुरावा टिकला का, पैसा घालणारा सापडला का, हे विचारायला कोणी उरत नाही. बगरोद्याच्या आरोपींपैकी एक नाशिकचा. हाच माणूस २०१७ मध्ये मुंबईत एमडीच्या प्रकरणात सापडला होता आणि पाच वर्षे तुरुंगात होता, हे खुद्द गुजरात पोलिसांनी सांगितले. पाच वर्षे सरकारी भाकरी खाऊन माणूस बाहेर आला आणि शेकडो किलोमीटरवर जाऊन तोच धंदा आधीपेक्षा मोठा करून बसला. ही २०१७ च्या यशाची २०२४ ची शिल्लक!

मोठ्या देशांनीही हेच केले. अमेरिकेने २००० पासून प्लॅन कोलंबियावर अब्जावधी डॉलर ओतले, विमानांतून विष फवारून कोकाची झुडपे जाळली. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने २००० मध्ये कोलंबियात कोकाखाली सुमारे १ लाख ६३ हजार हेक्टर जमीन होती, २०२३ मध्ये ती २ लाख ५३ हजार झाली. जगातले कोकेन २०२३ मध्ये ३७०८ टनांवर गेले. तेवीस वर्षे झाडाशी भांडून झाड वाढलेच. आपण त्याच वाटेने का जावे?

पैशाचा माग

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. पन्नास हजार रोख भरायला आलेल्याकडे पॅन मागतो. दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांचा अहवाल दिल्लीच्या वित्तीय गुप्तचर विभागाला जातो. संशयास्पद व्यवहार कळवणेही २००२ च्या मनी लाँडरिंग कायद्याने बंधनकारक आहे. ऐंशी वर्षांच्या पेन्शनर आजींना केवायसीसाठी पुन्हा पुन्हा बोलवावे लागते, त्यांची बोटे यंत्रावर उमटत नाहीत, त्या बिचाऱ्या ओशाळतात. नियम आहे, पाळलाच पाहिजे. मग तोच नियम शेडला का लागत नाही? भाडेकरार कोणाच्या नावाने झाला, भाडे कोणत्या खात्यातून गेले, वीज जोडणी कोणी मागितली, जीएसटीची नोंद कसली होती, पिंपांची बिले कोणत्या नावाने फाटली? एकेक कागद एकेका कार्यालयात असतोच. तो दुसऱ्या कागदाशेजारी ठेवून पाहायचे काम कोणाचे, एवढेच ठरलेले नाही.

एनडीपीएस कायद्यात १९८९ पासून स्वतंत्र प्रकरण आहे, ज्याने अमली पदार्थांच्या पैशातून घेतलेली मालमत्ता सरकारजमा करता येते. काही रसायनांवर २०१३ च्या आदेशाने नियंत्रण आहे. हत्यारे आहेत, पण गंजत पडली आहेत. माल जाळला तर धंद्याचा एक हप्ता बुडतो. भांडवल घेतले तर धंदा बुडतो. हे कोणत्याही किराणा दुकानदाराला कळते.

चार टेबले, एक फाइल

एनडीपीएस कायदा अर्थखात्याच्या महसूल विभागाकडे. डीआरआय आणि ग्वाल्हेरला मुख्यालय असलेले केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोही त्याच विभागाकडे. एनसीबी गृहखात्याकडे. व्यसनमुक्ती सामाजिक न्याय खात्याकडे. रोजची पोलिसी राज्याकडे. यांचा मेळ घालायला २०१६ मध्ये एनकॉर्ड नावाची व्यवस्था झाली आणि २०१९ मध्ये ती जिल्ह्यापर्यंत आणली. जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्ष कलेक्टर. कागदावर उत्तम! पण समितीने शेवटची बैठक कधी घेतली आणि तीत औद्योगिक शेडांचा विषय आला का, हे आपल्या कॉलनीतल्या एकाही माणसाला माहीत नाही.

आणि औषधोपचार? सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत कोकेन घेणारे दर हजारी एक, तर अफूवर्गीय पदार्थ घेणारे दर हजारी वीस निघाले. कायद्याचे कलम ६४-अ म्हणते की थोडक्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल तर त्याच्यावर खटला चालू नये. किती आईबापांना हे ठाऊक आहे? मुलगा सापडला की घर वकिलाकडे धावते, नाहीतर कोणाच्या तरी खिशात पैसे कोंबते. डॉक्टर आठवतो शेवटी. एम्स आपल्या दारात आहे, तरी!

आपल्या उंबऱ्याच्या आत

आता थोडे आपल्याबद्दल. आपण इथले जुने. कोणाचे पणजोबा शिंद्यांच्या चाकरीत आले, कोणाचे होळकरांच्या, कोणी भेलच्या भरतीत. माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबईमार्गे चीनला जात होती. इंग्रजांनी पेटीमागे कर घेतला, संस्थानांनीही आपला वाटा घेतला. ज्या दरबारांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो त्यांच्या खजिन्यात हाही पैसा होता. तेव्हा ‘हे असले धंदे बाहेरच्यांचे’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. नाशिकचा तो आरोपी आपल्याच भाषेत बोलतो. नीमच-मंदसोरला आजही सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि तिथल्या शेतकऱ्याच्या बोंडाबोंडाचा हिशेब सरकार ठेवते. शेतकऱ्याच्या बोंडावर एवढी नजर आणि कारखान्याच्या पिंपावर नाही!

शिवाय आपल्यातल्या किती जणांनी प्लॉट आणि वरचे मजले भाड्याने दिले आहेत? अकरा महिन्यांचा करार, भाडे रोख, थान्यात नोंद नाही, कारण ‘माणूस सभ्य दिसला’. घरातले पोर रात्री झोपत नाही, खात नाही, पैसे मागते, तरी गणपतीत आरतीला उभे राहिले की आपण समाधानी. चार लोक काय म्हणतील, या भीतीने झाकून ठेवलेले दुखणे शेवटी स्मशानात उघडे पडते.

मागायचे काय?

निषेधाचा ठराव करून चहा पिऊन घरी जाण्यात अर्थ नाही. मंडळाने कलेक्टरना लेखी निवेदन द्यावे आणि त्यात चारच गोष्टी मागाव्यात. पहिली, जिल्हा एनकॉर्ड समितीची बैठक दर महिन्याला व्हावी आणि गुप्त भाग वगळून तिचा वृत्तांत जाहीर व्हावा. दुसरी, बगरोदा, मंडीदीप, गोविंदपुरा येथील भाड्याने दिलेल्या प्रत्येक शेडची वीज, जीएसटी आणि प्रदूषण मंडळाच्या कागदांशी पडताळणी व्हावी, आणि ज्या अधिकाऱ्याच्या हद्दीत कारखाना सापडेल त्याच्याकडून खुलासा घेतला जावा. तिसरी, जप्तीच्या किमतीबरोबर मागच्या पाच वर्षांत किती खटले निकाली निघाले, किती शिक्षा झाल्या आणि किती मालमत्ता सरकारजमा झाली हेही सांगावे. चौथी, बाग सेवनिया आणि साकेत नगर भागात उपचाराची आणि सल्ल्याची सोय कुठे आहे याचा फलक प्रत्येक शाळा-कॉलेजात मराठी-हिंदीत लागावा. माहिती देण्यासाठी १९३३ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे सरकारी क्रमांक त्यावर ठळक असावेत.

आणि आपण स्वतः काय करायचे? भाडेकरूची थान्यात नोंद केल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, एवढे तरी प्रत्येकाने ठरवावे. निवडणूक आली की उमेदवार हात जोडून आपल्या हळदीकुंकवापर्यंत येतात. या वेळी ताटात तिळगुळाबरोबर हे निवेदनही ठेवू या आणि सही मागू या. जो सही करणार नाही, त्याला गोड बोलण्याची गरज नाही.