इटालियनला जायला इंग्रजी कशाला लागते?

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त तीन महिने तोरिनोला होतो. (आपल्याकडे ट्युरिन म्हणतात, तेच.) पहिल्याच आठवड्यात लॅपटॉपचा आपला जाडजूड पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत जाईना, म्हणून अडॅप्टर आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. पुण्यात रविवारचे क्लास करून गेलेलो, त्यामुळे छाती फुगलेली. ऐटीत म्हणालो, "इओ सेर्वो उन आदात्तातोरे."

दुकानदार आजोबा क्षणभर बघत राहिले आणि मग मनापासून हसले. मी त्यांना सांगितलं होतं की मी अडॅप्टर वाढतो. म्हणजे वेटर जेवण वाढतो तसा! अडॅप्टर देऊन, पैसे घेऊन त्यांनी विचारलं, "ले सेर्वे उन साक्केत्तो?"

आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. तुम्हाला पिशवी लागेल का? शब्दाला शब्द. 'ले' म्हणजे तुम्हाला, 'सेर्वे' म्हणजे लागते, 'साक्केत्तो' म्हणजे पिशवी. लक्ष्मी रोडवरचा कुठलाही दुकानदार जे विचारतो, तेच.

मग राग आला. आजोबांचा नाही, क्लासचा. आणि थोडा स्वतःचाही.

क्लासमध्ये हे क्रियापद आलं तेव्हा बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, 'आय नीड = मी सेर्वे'. मग अख्खा तास इशारे. हे क्रियापद उलटं आहे, इथे माणूस कर्ता नसतो, वस्तू कर्ता असते, गोंधळ होतो, पाठ करा. आम्ही वीसएक जणांनी वहीत मुकाट्याने लिहून घेतलं : 'उलटं'.

अहो, पण उलटं कोणासाठी? लंडनहून आलेल्या माणसासाठी असेल. 'मला पेन लागतं' असं रोज म्हणणाऱ्याला यात उलटं काय आहे? एक पेन असेल तर 'मी सेर्वे', दोन असतील तर 'मी सेर्वोनो'. मला पेन लागतं, मला दोन पेनं लागतात. क्रियापद वस्तूच्या मागे जातं, माणूस 'मला' होऊन बाजूला बसतो. भूतकाळात तर आणखी मजा. पासपोर्ट लागला तर 'मी ए सेर्वीतो', किल्ली लागली तर 'मी ए सेर्वीता'. लागला, लागली! लिंगसुद्धा वस्तूचंच. इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्याला हे तीन वेगळे नियम म्हणून घोकावे लागतात. आपल्याला फुकट मिळालेत आणि आपण ते दारात चपलांबरोबर काढून ठेवून वर्गात शिरतो.

एक खरा सापळा आहे, तो मात्र कोणी सांगितला नाही. इटालियनमधला 'मी' म्हणजे आपला मी नव्हे, आपला 'मला'. संस्कृतातल्या 'मे'चा लांबचा चुलतभाऊ म्हणा. आपला मी म्हणजे त्यांचा 'इओ'. मराठी विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर मी आजोबांना अडॅप्टर वाढला नसता.

शब्दाचं मूळही सांगण्यासारखं आहे. लॅटिनमध्ये 'सेर्वुस' म्हणजे गुलाम, त्यावरून 'सेर्वीरे' म्हणजे चाकरी करणे. वस्तू माझी चाकरी करते, म्हणजे माझ्या कामाला येते. म्हणून गरज आणि उपयोग दोन्ही एकाच क्रियापदात. 'आ के सेर्वे?' म्हणजे हे कशाला लागतं, याचा उपयोग काय? 'नॉन सेर्वे आ निएन्ते' म्हणजे काही कामाचं नाही. आपलं 'कामाला येणे' याच वाटेवरचं आहे. इंग्रजीत मात्र नीड वेगळा आणि यूजफुल वेगळा, त्यामुळे मधला पूल दिसतच नाही.

आमच्या धंद्यात हा प्रकार ओळखीचा आहे. युनिकोडमधला देवनागरी मजकूर आधी आस्कीत कोंबा आणि मग परत युनिकोडमध्ये आणा. काय मिळतं? प्रश्नचिन्हांची रांग. मधल्या संचात ज्या अक्षराला जागाच नाही, ते परत येताना कुठून येणार? मराठीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून इटालियन, हा तोच उद्योग आहे. 'तुला लागतं' आणि 'तुम्हाला लागतं' हा फरक मराठीत आहे, इटालियनमध्ये ('ती सेर्वे', 'ले सेर्वे') आहे, आणि मधल्या 'यू'मध्ये गेला की संपला. मग पुढच्या धड्यात तोच फरक 'नवीन संकल्पना' म्हणून शिकवायचा!

यावर नेहमीचं उत्तर येतं : वर्गात सगळेच मराठी नसतात. मान्य. आमच्याही वर्गात तमिळ, गुजराती, कानडी मंडळी होती. पण तमिळ माणूस काय म्हणतो? 'एनक्कु वेणुम्'. कानडी? 'ननगे बेकु'. गुजराती? 'मने जोईए छे'. हिंदीत 'मुझे चाहिए'. सगळीकडे 'मला'च! कॉलिन मासिका या भाषाशास्त्रज्ञाने 1976 च्या आपल्या पुस्तकात ही 'मला'वाली रचना दक्षिण आशियाई भाषांच्या सामायिक खुणांमध्ये धरली आहे. म्हणजे त्या खोलीत 'उलटी' भाषा एकच होती, आणि तीच आम्ही मोजपट्टी म्हणून धरली होती. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीतही अशी क्रियापदं होती. शेक्सपिअरच्या नाटकांतलं 'मीथिंक्स' म्हणजे 'मला वाटतं'च. त्यांनी ते सोडलं, आपण सोडलेलं नाही.

आता मराठी सगळीकडे तारून नेईल असंही नाही. 'मला भूक लागली'साठी सेर्वीरे चालत नाही, तिथे 'ओ फामे', शब्दशः 'माझ्याकडे भूक आहे'. 'दोन तास लागतात' म्हणायला वेगळं क्रियापद आहे : 'ची वोल्योनो दुए ओरे'. आणि 'मला गाडी लागली' म्हणजे गाडीची गरज पडली की घाटात मळमळलं, ही सोय फक्त आपल्याकडे :-) पण या चुका आपल्या भाषेकडे बघूनच दुरुस्त होतात. कुठला 'लागणे' सेर्वीरेकडे जातो आणि कुठला नाही, हे दहा मिनिटांत सांगता येतं. इंग्रजीत तो 'लागणे'च नाही, मग सांगणार काय?

घरी आल्यावर हे सगळं एका मित्राला उत्साहाने सांगितलं. त्याचा मुलगा मराठी अजिबात वाचत नाही, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. तो म्हणाला, "सगळं ठीक आहे, पण आजच्या काळात मराठीचा उपयोग काय?" आ के सेर्वे? अरे बाबा, दुसरी भाषा शिकायला लागते! पोटात असलेलं व्याकरण हीच तर पहिली शिदोरी. त्या मुलाला उद्या इटालियन, स्पॅनिश काहीही शिकायचं झालं, तर त्याला हेच क्रियापद 'उलटं' म्हणून घोकावं लागेल, आणि आपल्या आजीच्या तोंडी ते रोज सरळ होतं हे त्याला कळणारही नाही.

बाईंना माझा दोष द्यायचा नाही, त्याही तसंच शिकल्या. मागणी साधी आहे. पुस्तक इंग्रजीत असू दे, शिकवणंही इंग्रजीत असू दे. फक्त वहीत एक रकाना जास्त आखा आणि त्यात प्रत्येकाने आपल्या घरचं वाक्य लिहा. त्याला ना वेगळं पुस्तक लागतं, ना जास्त फी.